वाचक विचारतात : फुकटचा संगणक, कोपऱ्यात जाहिरात

शाळेच्या ग्रंथालयात जाहिरातींच्या बदल्यात मोफत संगणक आणि इंटरनेट देणाऱ्या योजनांबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची, शाळांची आणि कंपन्यांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात एक कंपनी 10 संगणक, प्रिंटर आणि 5 वर्षं मोफत इंटरनेट द्यायला तयार आहे. पडद्याच्या खालच्या बाजूला जाहिरातींची पट्टी राहील, एवढंच त्यांचं म्हणणं. संस्थेला घाई झाली आहे. होकार द्यावा का?
– ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : घाई करण्याआधी कागदावर एक हिशेब मांडा. संगणक 10, रोजचा वापर 5 तास, प्रत्येक पडद्यावर तासाला 12 जाहिराती. दिवसाला 600 होतात. शाळेचे 220 दिवस धरले तर वर्षाला 1 लाख 32 हजार वेळा जाहिरात दिसेल. हजार वेळा दिसण्याचे 50 रुपये मिळतात असं धरू. वर्षाचे हाती आले 6,600 रुपये. दर दुप्पट धरा, 13,200. दहा यंत्रं, त्यांची दुरुस्ती आणि पाच वर्षांचं इंटरनेट एवढ्यात बसत नाही. ब्रॉडबँडचं वर्षाचं बिल जेमतेम भागेल.

मग उरलेले पैसे कुठून येणार, हा पहिला प्रश्न कंपनीच्या माणसाला विचारा. उत्तरं साधारण तीन प्रकारची असतात. कोणी गुंतवणूकदारांच्या पैशावर चालतं आणि तो आटला की बंद पडतं. कोणाला मुलांची नावं, इयत्ता आणि पालकांचे मोबाइल नंबर हवे असतात, कारण त्यांचा मूळ धंदा शिकवण्या किंवा ॲप विकण्याचा असतो. तिसरे सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायच्या खर्चाचं, नाव घेतात. त्यांना कंपनी कायद्याच्या सीएसआर नियमांची आठवण करून द्या. स्वतःच्या मालाचा बाजार व्हावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्या नियमांनुसार सीएसआर खर्चात धरता येत नाही. पडद्यावर त्यांचीच जाहिरात आणि वर सीएसआरचं पत्र, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

पैशाचं उत्तर पटलं तरच कराराकडे वळा. सर्वांत आधी शेवटची दोन पानं वाचा. कंपनीने मधेच सेवा थांबवली तर यंत्रं कोणाची? ‘कंपनी परत नेईल’ असं असेल तर ग्रंथालयातली जागा, वायरिंग आणि टेबलांवरचा तुमचा खर्च पाण्यात. ‘शाळेने उरलेली किंमत भरून घ्यावीत’ असं असेल तर त्या किमतीचं वर्षवार कोष्टक करारालाच जोडायला सांगा. आमच्या मते एकच कलम मान्य करण्यासारखं आहे : सेवा कोणत्याही कारणाने थांबली तर यंत्रं आहेत त्या स्थितीत विनामूल्य शाळेची, आणि बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) व ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड 15 दिवसांत लेखी मिळतील. बायोसचा पासवर्ड कंपनीकडेच राहिला तर यंत्राची मूळ मांडणी शाळेला बदलता येत नाही. पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणालीही त्यावर बहुधा टाकता येत नाही.

त्यानंतर किमान वापराची अट पाहा. ‘दिवसाला इतके तास यंत्रं चालू राहतील’ असं कलम बऱ्याचदा मधल्या पानात असतं. जाहिरातदाराला डोळ्यांचे तास विकलेले असतात, म्हणून ते येतं. वीज गेली, परीक्षा आली, सुट्टी लागली तर शाळेने करार मोडला असं ठरेल का, ते विचारा.

आणि एक खास ग्रंथपालांसाठी. या यंत्रांवर स्वतःचं सॉफ्टवेअर टाकायची मुभा आहे का? नसेल तर कोहासारखी ग्रंथालय प्रणाली किंवा मराठी इनस्क्रिप्ट कळफलक या यंत्रांवर बसवता येणार नाही. दहा संगणक असूनही देवघेवीची नोंद वहीतच राहील.

प्रश्न : साल 2000 च्या आसपास इथल्या शाळांत झॅपमी नावाची अशीच योजना होती, असं शेजारी सांगतात. ती का बंद पडली?
– वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : झॅपमी तुमच्या जवळच्या सॅन रॅमनची. शाळेला 5 ते 15 संगणक, 17 इंची मॉनिटर, लेझर प्रिंटर आणि छतावर उपग्रहाची थाळी, सगळं मोफत. बदल्यात यंत्रं दिवसाला किमान 4 तास वापरात असली पाहिजेत. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात साधारण 2 बाय 4 इंचांचा चौकोन असे आणि त्यात जाहिराती फिरत. मूल कुठलंही पान उघडो, चौकोन तिथेच. लॉग-इनच्या नोंदीतून वय, मुलगा की मुलगी, आणि पिन कोड एवढं कंपनीकडे जाई. वापराबद्दल ‘झॅपपॉइंट्स’ नावाचे गुणही मिळत आणि ते बक्षिसांसाठी मोडता येत.

ऑक्टोबर 1999 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुढच्या वर्षभरात इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, ऑनलाइन जाहिरातींचे पैसे आटले. उपग्रहाचा खर्च मात्र दर महिन्याला ठरलेलाच होता. शाळांतल्या जाहिरातबाजीविरुद्ध राल्फ नेडर यांच्या कमर्शियल अलर्टसारख्या संस्था उभ्या होत्या, त्यामुळे मोठे जाहिरातदार कचरत होते. 2000 च्या अखेरीस कंपनीने शाळांची मोफत योजना थांबवली. गिलाट या उपग्रह कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि ती दुसऱ्या नावाने दुसऱ्या धंद्यात गेली. सांगलीच्या पत्राला वर दिलेला हिशेब कॅलिफोर्नियात असा तडीस गेला.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. सिॲटलची एन-टू-एच-टू ही कंपनी ‘बेस’ नावाची गाळणी शाळांना पुरवत असे. वाईट संकेतस्थळं अडवायची, हे तिचं काम. मुलं कुठे-कुठे जातात याच्या एकत्रित नोंदी तिने ‘क्लास क्लिक्स’ या नावाने एका बाजार-संशोधन कंपनीच्या साथीने विकायला काढल्या. नावं त्यात नव्हती, तरी ओरड झाली आणि 2001 च्या सुरुवातीला ते बंद करावं लागलं. म्हणून पडद्यावर जाहिरात दिसत नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

जाहिरातीवर चाललेला शाळेतला उपक्रम टिकलाच नाही असंही नाही. चॅनल वन 1990 मध्ये सुरू झालं आणि 2018 पर्यंत या ना त्या रूपात चाललं. वर्गात टीव्ही, छतावर थाळी, आणि रोज 12 मिनिटांच्या बातम्या, त्यात 2 मिनिटं जाहिराती. ते टिकलं याचं कारण त्या 12 मिनिटांना वर्गातली सगळी मुलं एकाच वेळी समोर बसलेली असत. जाहिरातदाराला मोजलेला, पळू न शकणारा प्रेक्षक मिळे. ग्रंथालयातल्या संगणकावर मूल कोपऱ्याकडे बघतही नाही.

शिवाय अमेरिकेत तोवर सरकारी मार्ग उघडला होता. 1996 च्या दूरसंचार कायद्यातून आलेल्या ई-रेट योजनेत शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या बिलावर 20 ते 90 टक्के सवलत मिळू लागली. बिलच एवढं उतरल्यावर चौकोनाची गरज किती शाळांना उरणार?

प्रश्न : पालकांकडून एक संमतिपत्र भरून घेतलं की शाळा मोकळी, असं कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. खरं आहे का?
– मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : अर्धंच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. कलम 9 प्रमाणे मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पण त्याच कलमात पुढे मुलांचा माग ठेवणं, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना नेमून जाहिरात दाखवणं यांना मनाई आहे. शाळांना अभ्यास आणि सुरक्षिततेपुरती काही सूट आहे. ती जाहिरातदारापर्यंत ताणता येत नाही. पालकांची सही घेतली म्हणून मनाई असलेली गोष्ट चालते, असं होत नाही. मुलांसंबंधीच्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात 18 महिन्यांची मुदत आहे. पाच वर्षांचा करार आज केलात तर त्यातली बहुतेक वर्षं ही मुदत संपल्यानंतरची असतील.

कोणती जाहिरात दिसते, तेही बघावं लागेल. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेल्या पदार्थांची विक्री नाही आणि जाहिरातही नाही. ग्रंथालय आवारातच येतं. आपोआप फिरणाऱ्या जाहिरातींत वेफर्स किंवा कोल्ड्रिंक आलं तर फाटकाबाहेरच्या टपरीवाल्याला हटकणारी शाळा स्वतःच अडचणीत. म्हणून करारात जाहिरातींची ‘नकार यादी’ नको, ‘होकार यादी’ हवी. शाळेने आधी पाहून लेखी मान्य केलेलीच जाहिरात दाखवायची. कंपनी याला सहसा तयार होत नाही, कारण तिलाही त्या जाहिराती दुसऱ्याच जाळ्यातून मिळत असतात आणि पुढची कोणती येईल हे तिलाच माहीत नसतं.

प्रश्न : आमच्याकडे असे संगणक आधीच बसले आहेत. ते बाहेर काय पाठवतात हे शाळेला स्वतः तपासता येईल का? आणि जाहिराती अडवता येतील?
– संगणक शिक्षक, नाशिक

उत्तर : बरंच काही तासाभरात कळतं. यंत्र क्रोमवर चालत असेल तर पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाइप करा. कंपनीने ब्राउझरवर लादलेले सगळे नियम एका कोष्टकात दिसतात : कोणतं पान पहिलं उघडायचं, कोणतं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) काढता येणार नाही, इतिहास पुसू द्यायचा की नाही. त्याचा फोटो काढून ठेवा. ‘पॉलिसी’च्या जागी ‘एक्स्टेंशन्स’ लिहिलंत की बसवलेली एक्स्टेंशन दिसतील. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी कोणाला आहे ते बघा.

मग कंपनीचं मुखपृष्ठ उघडून एफ-12 दाबा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि पान पुन्हा लोड करा. खाली एकेक ओळ पडत जाईल. प्रत्येक ओळ म्हणजे ब्राउझरने कुठे तरी केलेली मागणी. ‘डोमेन’चा रकाना उघडून पत्ते उतरवून घ्या. एका साध्या मुखपृष्ठासाठी चार-पाच पत्ते समजण्यासारखे आहेत. तीस-चाळीस असतील तर माहिती बऱ्याच जणांकडे जाते आहे. ओळीवर टिचकी मारून पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर काय आहे ते वाचा. मुलाचा लॉग-इन क्रमांक, इयत्ता किंवा शाळेचा यूडायस क्रमांक तिथे दिसला तर वेगळा पुरावा शोधायला नको.

यापेक्षा गंभीर तपासणी पुढची. एखाद्या बँकेचं संकेतस्थळ उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावरून प्रमाणपत्र बघा. ‘जारी करणारा’ या ठिकाणी नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेऐवजी संगणक देणाऱ्या कंपनीचं किंवा तिच्या गाळणीचं नाव असेल, तर ती कंपनी कुलूपबंद वाहतूकही मधेच उघडून वाचू शकते. अशा यंत्रावरून सरल, यूडायस या सरकारी शालेय पोर्टलचं किंवा बँकेचं लॉग-इन कोणीही, अगदी कार्यालयीन लिपिकानेही, करू नये.

जाहिराती अडवायच्या तर राउटरमध्ये डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे, पत्ते बदलणं सर्वांत सोपं. 94.140.14.15 आणि 94.140.15.16 हे ॲडगार्डचे कौटुंबिक पत्ते जाहिराती व प्रौढ मजकूर दोन्ही गाळतात. फक्त प्रौढ मजकूर आणि घातक संकेतस्थळं रोखायची असतील तर क्लाउडफ्लेअरचे 1.1.1.3 आणि 1.0.0.3. हे करूनही फरक पडला नाही तर कारण बहुधा ब्राउझरमधलं ‘सुरक्षित डीएनएस’ असतं. ते राउटरला विचारतच नाही, म्हणून प्रत्येक यंत्रावर बंद करावं लागतं. यूट्यूबच्या जाहिराती मात्र या उपायाने जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात.

पण थांबा. जाहिराती अडवणं हा तुमच्या करारात करारभंग असेल तर कंपनीला यंत्रं उचलायला आयतं निमित्त मिळेल. आधी तपासणीचे फोटो जोडून लेखी विचारणा करा, उत्तराला 15 दिवस द्या. मुलांचा माग ठेवला जातोय हे त्यात दिसत असेल तर आधी उत्तर कंपनीला द्यावं लागेल.

तोपर्यंत मुलांना स्वतःच्या जीमेलने लॉग-इन करू देऊ नका. ब्राउझरचा ‘गेस्ट’ प्रकार वापरायला शिकवा.

प्रश्न : जाहिरातींमुळे इंटरनेट खरंच मंदावतं का? आमच्याकडे फायबर नाही, सिमवाला राउटर आहे.
– शिक्षक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : मंदावतं. 15 सेकंदांची व्हिडिओ जाहिरात 2.5 एमबीपीएस दर्जाची असेल तर साडेचार-पाच एमबी खाते. 10 यंत्रांवर तासाला 12 प्रमाणे 120 जाहिराती, म्हणजे साडेपाचशे एमबीच्या पुढे. दिवसाला 2 जीबीचं सिम असेल तर मधल्या सुट्टीच्या आसपास संपलं, आणि मुलांनी अजून काही शोधलेलंही नाही.

अशा ठिकाणी किविक्स बघा. हे मोफत सॉफ्टवेअर विकिपीडिया एकाच मोठ्या फाइलमध्ये साठवून इंटरनेटशिवाय दाखवतं. मराठी विकिपीडियाची फाइल छोटी असते. इंग्रजीची चित्रांसकट 100 जीबीच्या वर जाते, चित्रांविना साधारण निम्मी. तालुक्याच्या गावी चांगल्या जोडणीवर उतरवून 1 टीबीच्या हार्डडिस्कवर आणा. एका यंत्रावर ‘किविक्स-सर्व्ह’ चालू ठेवलं की बाकीची यंत्रं ब्राउझरमधूनच ते वाचतात. हार्डडिस्क एनटीएफएस किंवा एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट-32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि कॉपी होतच नाही. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

प्रश्न : जाहिराती नकोत असं ठरवलं, तर स्वतःच्या पैशातून किमान किती खर्च येईल? विद्यार्थी 600 आहेत.
– संस्थेचे सचिव, सोलापूर जिल्हा

उत्तर : दहाऐवजी पाचपासून सुरुवात करा. एका यंत्रावर दोघं बसले तर एका वेळी दहा मुलं होतात, आणि ग्रंथालयाच्या तासिकेत बाकीच्यांच्या हातात पुस्तकं असतातच.

दुरुस्त केलेले जुने ऑफिस डेस्कटॉप, 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी असलेले, मॉनिटरसह साधारण 12 ते 16 हजारांना मिळतात. भाव गावागणिक बदलतो. पाचांचे 70 हजार धरा. प्रत्येकाला 600 व्हीएचा यूपीएस, मिळून 14 हजार. 8 पोर्टचा स्विच आणि कॅट-6 तार 6 हजार. विजेचं काम 10 हजार. एकूण लाखभर. पुढे दरवर्षी ब्रॉडबँड करासह 10 हजारांच्या आसपास, वीज साडेतीन हजार (पाच यंत्रं मिळून 400 वॅट, रोज 5 तास, महिन्याला 44 युनिट, दर 8 रुपये, महिने 10) आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांसाठी बाजूला 2 हजार. साडेपंधरा हजार झाले. 600 मुलांत वाटले तर डोक्यामागे 26 रुपये. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचला लाखाची रक्कम जड नाही, फक्त त्यांना आकडा आणि यादी हातात द्यावी लागते. ‘मदत करा’ म्हटल्याने कोणी काही पाठवत नाही.

जुनी यंत्रं घेताना विंडोज 10 वर थांबू नका, त्याचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 चालत नसेल तर लिनक्स मिंट टाका. 4 जीबीवरही ते चालतं आणि मराठी इनस्क्रिप्ट त्यात आहे.

विजेच्या कामात काटकसर नको. संगणकांची ओळ वेगळ्या एमसीबीवर, 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेने घ्या. अर्थिंग आहे असं वायरमनने तोंडी सांगितलेलं चालणार नाही. मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला लावा. 2-3 व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंग आणि न्यूट्रल दोन्ही तपासून घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. छपाईच्या वेळी आतला तापणारा रूळ एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि यूपीएस खाली बसतो. कार्यालय वेगळ्या इमारतीत असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क तार उघड्यावरून ओढू नका. वळवाच्या पहिल्या विजेला दोन्हीकडचे स्विच जातात. फायबर टाका, ते वीज वाहून नेत नाही.

प्रश्न : रेल्वे स्थानकावर मोफत वाय-फाय होतं, तसं शाळेला नाही का मिळणार?
– दहावीची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : गूगल आणि रेलटेल यांचं स्थानकांवरचं वाय-फाय जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, 400 हून अधिक स्थानकांवर पोचलं, आणि 2020 मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतलं. मोबाइल डेटाच स्वस्त झाला होता. स्थानकांवरची सेवा रेलटेलने पुढे चालू ठेवली, कारण तारा आणि यंत्रणा तिच्याकडे होत्या. तुझ्या शाळेत कोणी मोफत काही बसवायला आलं तर सरांना एवढंच विचारायला सांग : तुम्ही गेलात तर भिंतीतली तार कोणाची?

प्रश्न : जुन्या योजनेतले 12 संगणक बंद पडून आहेत. कंपनीचा पत्ता नाही. विकू शकतो का?
– मुख्याध्यापक, धाराशिव जिल्हा

उत्तर : आधी मालकी. करारात यंत्रं हस्तांतरित झाल्याचा कागद नसेल तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा, 30 दिवस द्या, पावती आणि परत आलेलं पाकीट जपून ठेवा. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून जडसंग्रह नोंदवहीत घ्या. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. ई-कचरा नियम 2022 खाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण (रीसायकलिंग) करणाऱ्याकडेच ते द्या. उचल होण्याआधी प्रत्येक यंत्रातली हार्डडिस्क काढून घ्या. चार स्क्रू असतात, पाच मिनिटांचं काम. मुलांची नावं आणि पालकांचे नंबर त्यांवर अजून असू शकतात. फाइली नुसत्या पुसल्याने ते जात नाहीत. साध्या हार्डडिस्कला ड्रिलने आरपार दोन भोकं पाडा. एसएसडी असेल तर आतली एकेक काळी चिप फुटली आहे हे डोळ्यांनी बघा.